सुभेदारांच्या वाटणीचा शिरा

सुभेदार पंगतीला बसले की आम्ही वाढपी दोन लावायचो. एक त्यांना, एक उरलेल्या पंगतीला. त्यांचा वाढपी मी. गाझियाबादच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला मला दुसरं काम कुणी देत नाही. हिशेब येत नाही, आरती पाठ नाही. शाळेत मी रोज जातो, पण पोरांची व्हॅन घेऊन. आत बसायचं चौथीतच सुटलं. आग्रह करून जिलबी वाढावी तर मात्र मीच. सुभेदार कधी 'पुरे' म्हणाले नाहीत. म्हणायचे, "पोटात जागा नसते बबन, करावी लागते."

फौजेतून रिटायर होऊन ते आणि काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. मग त्यांना कॅन्सर निघाला, आणि निघाला तोच पसरलेला. पँट कमरेवर राहीना. भूक बिल्कुल गेली. काकूंनी मनाशी धरलं की खाल्लं तर टिकतील. सकाळी शिरा, दुपारी वरणभात, संध्याकाळी थालीपीठ. ते मान फिरवायचे, या डोळे पुसायच्या. शेवटी मला बोलावणं आलं. "तू वाढलंस की ते नाही म्हणत नाहीत रे." मी छाती काढून जिना चढलो.

काकू स्वयंपाकघरात वळल्या तसे सुभेदार हळूच म्हणाले, "बबन, ऑर्डर आहे. खा."

"काका, तुमचं ताट आहे."

"ऑर्डरवर चर्चा नसते."

मी कुठला फौजेत. पण शिरा गरम होता, खाल्ला.

आता आपल्यात रिकामं ताट दिसलं की वाढायचंच. काकूंनी ताट बघितलं आणि असा चेहरा उजळला त्यांचा, की माझ्याच्यानं बोलवेना. पुन्हा शिरा आला. तोही मीच संपवला. रोजचंच झालं हे. सुभेदार पलंगावरून विचारायचे, "वेलदोडा लागतोय का? तूप कसंय?" माझं तोंड भरलेलं, मी नुसती मान हलवायचो, आणि हसून हसून त्यांना ठसका लागायचा. इकडे व्हॅनचं स्टिअरिंग माझ्या पोटाला घासायला लागलं. पोरं म्हणायची, "अंकल, हॉर्न पेट से बजाते हो क्या?"

हॉस्पिटलात त्यांना माझ्याच व्हॅनमधून नेलं. तिथे वजनकाट्यावर उभं केलं, तर काटा आणखी खाली. काकू डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "रोज दो-दो बार परोसती हूँ." बाईंनी सुभेदारांकडे पाहिलं, सुभेदारांनी माझ्याकडे, मी पंख्याकडे.

"याला उभा करा," सुभेदार म्हणाले. "माल तिकडे जमा झालाय."

मी चढलोसुद्धा. चढ म्हटलं की चढायचं, एवढीच अक्कल. काट्याने सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. काकू मात्र खुर्चीत बसल्या. "मला वाटलं, खातायत. वाचतील."

सुभेदार म्हणाले, "घास उतरत नाही गं. आणि तुला नाही म्हणवत नाही."

डॉक्टरीणबाईंचं हसू गेलं. काकूंचा हात धरून त्या म्हणाल्या, "आंटी, आपकी तरफ से कोई कमी नहीं है. बीमारी ही खाना बदन को लगने नहीं देती. ज़बरदस्ती मत कीजिए. जो मन करे, जब मन करे, दो चम्मच. बाकी बस पास बैठिए."

त्या दिवसापासून ताट गेलं, वाटी आली. काकू शेजारी बसून श्रीखंडाचा चमचा पुढे करायच्या. गेला तर गेला, नाहीतर वाटी सरकवून पत्ते पिसायच्या. दोघं भांडायचे, पण आता बदाम-राणीवरून. सुभेदार मला म्हणायचे, "तुझी ड्यूटी संपली यार. आता कमी हो जरा."

मी कमी व्हायच्या आत ते गेले.

तेराव्याला वाढायला मीच होतो. पण 'घ्या की' तोंडातून निघेना. नको म्हणेल त्याला सोडून पुढे. लोक म्हणाले, बबनला बरं नाही. शेवटी काकूंनी मला बसवलं, पानात जिलबी वाढली. जन्मात पहिल्यांदा माझ्या घशाखाली काही उतरेना. म्हटलं, आता करतील आग्रह.

काकूंनी पान बाजूला केलं. वाटीत जिलबीचा एक तुकडा घालून पुढे ठेवला आणि शेजारी पाट ओढला.

"जाईल तेवढं खा, बबन. मी बसलेय."