फ्लडलाइटला दिलेलं अर्घ्य

मागच्या वर्षी काही महिने माझं जग फार सुंदर झालं होतं. अल कुसैसमधल्या आमच्या सातव्या मजल्याच्या बाल्कनीतून संध्याकाळी खाली पाहिलं, की शारजाकडे रांगणाऱ्या गाड्यांचे दिवे एकमेकांत विरघळायचे आणि रस्ताभर कुणी केशर सांडल्यासारखं वाटायचं. समोरच्या इमारतींना कडाच उरल्या नव्हत्या. बिनसाखरेचा चहा निवेपर्यंत मी ते बघत बसायचे.

ते सौंदर्य नव्हतं, माझी शुगर होती. आतून मला कळत होतं, पण कबूल कोण करणार? रास अल खोरच्या एका गोदामाच्या ऑफिसात मी कंटेनरचे नंबर टाइप करते, आणि तीन नि आठ आता सारखेच दिसत होते. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, शुगर अशीच राहिली तर डोळ्यांचा पडदा कायमचा खराब होईल. मी घाबरले, आणि घाबरल्यावर आमच्या घरच्या बायका जे करतात ते केलं. उपवास वाढवले.

मंगळवार आणि संकष्टी होतेच, त्यात गुरुवार जोडले. बाप्पाला म्हटलं, डोळे तेवढे सांभाळ. एरवी मी भात डावाने मोजून घ्यायचे. उपवासाला मात्र साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, बटाट्याची भाजी आणि वर चार खजूर. इथे खजुरांना काय तोटा! नवरा चिडवायचा, "एकादशी अन् दुप्पट खाशी." मी म्हणायचे, "देवाचं खाणं बाधत नाही." मला ते अगदी मनापासून खरं वाटायचं.

अशाच एका संकष्टीला नऊच्या सुमाराला मी ताम्हन घेऊन बाल्कनीत गेले. समोर लोण्याच्या गोळ्यासारखा मऊ, मोठा चंद्र. इतका जवळचा चंद्र मी जन्मात पाहिला नव्हता. मी पाणी सोडलं, हात जोडले, डोळे मागितले. तेवढ्यात मागून लेकीने माझे खांदे धरले आणि मला हळूच डावीकडे वळवलं.

"आई, मून इज देअर."

मी ज्याला अर्घ्य दिलं तो समोरच्या बांधकामावरचा फ्लडलाइट होता. मी हसायला लागले. ती हसली नाही. "सिन्स व्हेन, आई?" एवढंच तिने विचारलं, आणि मग मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती माझं शुगरचं मशीन घेऊन टेबलाशी बसली. इथेच वाढलेली पोर. मराठी सगळं समजतं, उत्तरं इंग्रजीत. "लुक. ट्यूजडे, थर्सडे, ट्यूजडे. इट्स ऑलवेज युअर फास्ट. साबुदाणा इज जस्ट स्टार्च, आई."

"मशीनला काय कळतोय उपवास!" मी ताडकन उठले. दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. राग तिचा नव्हता. देवाजवळ मागायला गेले आणि तिथेच माझं चुकत होतं, याचा तो राग होता.

मग रमजान आला. ऑफिसातली माझी हैदराबादची मैत्रीण दुपारी पँट्रीचं दार लोटून शांतपणे डबा खात होती. तिलाही शुगर. मी बघतच राहिले.

"डॉक्टरने रोज़ा मना किया," ती म्हणाली. "तो रोज़ किसी एक को खाना खिला देती हूँ. अल्लाह को मेरी शुगर मालूम है, यार. तेरे गणपती को तेरी नहीं मालूम क्या?"

हे वाक्य मी बसमध्ये घरापर्यंत मनात घोळवत आले. तेव्हाही बाहेर सगळं केशरीच होतं.

त्या मंगळवारी खिचडी केली ती डब्यात भरून खालच्या वॉचमनला दिली. मी ज्वारीची भाकरी, मेथी आणि मुगाची उसळ घेऊन बसले. देवघराकडे पाठ करून जेवले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्याही बदलल्या. हळूहळू मशीनवरचे आकडे उतरले. वॉचमन आता स्वतःच विचारतो, "आज मंगलवार है ना, मॅडम?"

एकेक करून इमारतींना कडा परत आल्या. ऑफिसात तीन हा तीन झाला. खरं सांगू? रस्त्यावरचं ते केशर कधीकधी आठवतं. आता तिथे नुसता ट्रॅफिक दिसतो.

परवाच्या संकष्टीला मी पुन्हा ताम्हन घेऊन बाल्कनीत उभी राहिले. चंद्र वर आला तो एका बाजूने जरासा झिजलेला, नीट कडेचा. बांधकामावरचा दिवा त्याच्या उजवीकडे, आपल्या जागी होता. मागे लेकीची पावलं वाजली. दर संकष्टीसारखे तिने माझे खांदे धरले, वळवायला म्हणून.

मी आधीच चंद्राकडे तोंड करून उभी होते. तिचे हात तसेच माझ्या खांद्यांवर राहिले.