मडगार्डावरची भोकं

ती सायकल बघायला गेलो तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. माझे यजमान फौजदार होते, आता निवृत्त आहेत. आपल्या तपासांच्या हकिकती ते रंगवून सांगतात. ही एक मात्र मला सांगू देतात, नाइलाजाने.

लढाईचे दिवस, नेमणूक अमळनेरला. दवाखान्यातल्या नर्सबाई ज्या लेडीज सायकलवरून खेड्यांत बाळंतपणं करायला जात, ती चोरीला गेली. कुलूप फोडलेलं नव्हतं. एकुलती एक किल्ली दवाखान्याचा म्हातारा शिपाई आबा याच्याकडे असे, म्हणून संशयावरून तो कोठडीत. "मी लिधीच नही, ते काय देऊ?" घेतलीच नाही तर देऊ काय, एवढाच त्याचा जबाब. आमच्या घरून गेलेली भाकरी तो तशीच परत पाठवी. मुरलेला चोर कोठडीत पोटभर जेवतो, हे मी पाहिलेलं होतं.

त्यातच हवालदाराने खबर आणली की बाजारातल्या सायकलवाल्याकडे एक जुनी, चांगली पुरुषांची सायकल आली आहे. यजमानांना सायकल हवीच होती, आणि लढाईमुळे नवी मिळत नव्हती. मीही गेले, कारण दुकानदार फौजदाराला भाव सांगत नाहीत आणि फुकटची वस्तू आमच्या घरात चालत नाही.

"बठ्ठं इलायती शे, अक्का. फिरवीसन दखा," सगळा माल विलायती असल्याचं सांगत सायकलवाला म्हणाला.

यजमानांनी सांगाड्यावरचा नंबर पाहिला. चोरीच्या सायकलचा नव्हता. त्यांचं समाधान झालं. मी सायकल उलटी करायला लावली, चाकं फिरवली, साखळी ओढली, मग मागच्या मडगार्डावरून बोट फिरवलं. कडेला ओळीने बारीक उंचवटे लागले. केसांतला आकडा काढून एक खरवडला, तर रंगाखालून लाख निघाली आणि भोक उघडं पडलं.

"अहो," मी म्हटलं, "ही तर पदर चाकात जाऊ नये म्हणून लेडीज सायकलला जाळी ओवतात ती भोकं. पुरुषाच्या सायकलला ती कशाला लागतात?"

सायकलवाला हसला, पण उशिरा. यजमानांनी शांतपणे विचारलं, "नर्सबाईंना कुलूप कोणी विकलं होतं?"

"मीच, साहेब."

"कुलपाबरोबर दोन किल्ल्या येतात. त्यांना एकच मिळाली. दुसरी कुठे?"

त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. पंच बोलावून झडती घेतली, तेव्हा किल्ली खिशात आणि लेडीज सायकलचा सांगाडा मागच्या खोलीत सरकीच्या पोत्यांखाली सापडला. सुटे भाग त्याने या दुसऱ्या सांगाड्यावर चढवले होते.

सगळी सायकल मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा झाली. यजमान पायीच फिरत राहिले. आबाला सोडताना त्यांनी स्वतः चहा दिला. आबाने तो बशीत ओतून सावकाश संपवला आणि म्हणाला, "साहेब, पुढला टाइमले पहिले अक्काले धाडा, मंग माले धरा."

अख्खं ठाणं हसलं. यजमान मात्र विचारात पडले. तेव्हापासून चोरीच्या तपासात ते किल्ली कोणाकडे होती हे नंतर विचारत. आधी विचारत, ती वस्तू कोण वापरत होतं आणि कशी. आबा त्या दिवशी घरी जाताना आमच्या दारी थांबला आणि भाकरी मागून घेतली. चार खाल्ल्या.