वेणूबाईंचा बरा झालेला पाय

वैद्यकीय संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या आणि पांढरे उंदीर येतात. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. आमच्याकडे होते मुरगळलेले घोटे, आणि पुण्यातले फुटपाथ त्यांचा पुरवठा कधी कमी पडू देत नाहीत. आमचा प्रश्न साधा होता. घोट्याचे बंध फाटले तर पाय प्लास्टरमध्ये गप्प ठेवायचा, की पट्टा बांधून लगेच चालायला लावायचं? अर्ध्या लोकांना हे, अर्ध्यांना ते, आणि मग वर्षभर त्यांच्या मागे लागून कोणाचा पाय कसा आहे ते बघायचं. मी फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे मागे लागण्याचं काम माझं.

वेणूबाई त्यांतल्याच एक. कसबा पेठेत बांबूची सुपं आणि टोपल्या विणायच्या. उकिडवं बसून, पायाखाली कामट्या दाबून करायचं काम. घोटा गेला तर सगळंच गेलं. आपल्याच दुकानाच्या पायरीवरून पाय घसरला होता. कोणाला प्लास्टर आणि कोणाला पट्टा हे आम्ही नाही, कॉम्प्युटर ठरवतो, असं मी समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे म्हाडाची सोडतच की. मला जन्मात कधी काही लागलं नाही." या वेळी लागलं. पट्टा मिळाला.

इतका गुणी पेशंट मी दुसरा पाहिला नाही. सांगितलेला प्रत्येक व्यायाम त्या दुकानात बसून करायच्या आणि गिऱ्हाइकांना दाखवायच्या. सूप घ्यायला आलेल्या बाईला म्हणायच्या, "बघा, हा संशोधनातला पाय आहे." मला हसू यायचं. खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा, कारण इतर पेशंट माझा फोन बघून कट करायचे.

त्यांच्या शेजारी मदिनाबी राहायच्या. त्यांची मुलगी जिनत पोलीस भरतीची तयारी करत होती. वेणूबाईंना मूलबाळ नाही. जिनत त्यांच्याच ओट्यावर लहानाची मोठी झालेली. तिला खाकी वर्दीत बघायचं, एवढी एकच हौस त्या माझ्यापाशी बोलून दाखवायच्या. "आमची पोरगी आठशे मीटर अशी पळते की मागच्या पोरींना नुसती धूळ दिसते," म्हणायच्या.

एका सकाळी नदीपात्रातल्या रस्त्यावर सराव करताना जिनतचा पाय खड्ड्यात गेला. घरी आली तेव्हा घोटा टम्म सुजलेला. मैदानी चाचणी तोंडावर आलेली. मदिनाबी बुरखा चढवून, पोरीला रिक्षात घालून दवाखान्यात निघाल्याच होत्या. वेणूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कशाला जाताय? ते प्लास्टर घालतील आणि भरती जाईल हातची. माझं बघ ना मदिना. मला तिसऱ्या दिवशी चालायला लावलं होतं मोठ्या डॉक्टरांनी. संशोधन आहे ते, उगाच नाही."

आणि स्वतःच्या पायाचा पट्टा सोडून त्यांनी जिनतच्या पायाला बांधला.

त्यांना पट्टा देण्याआधी आम्ही एक्स-रे काढला होता. हाड शाबूत आहे याची खात्री झाल्यावरच त्यांना संशोधनात घेतलं होतं. पण त्या दिवशी त्यांना कुठे कुठे नेलं, कशाकशाखाली पाय ठेवला, हे त्यांच्या लक्षातच राहिलं नव्हतं. लक्षात राहिला तो पट्टा. आपल्याकडे नाही का, एकीला गोळी लागू पडली की अख्ख्या आळीला तीच गोळी सुचवली जाते. वेणूबाईंनी तेच केलं, फक्त जास्त मायेनं.

जिनतचं हाड चिरलं होतं. वेणूबाई तिला सकाळ-संध्याकाळ चालवत होत्या. दुखलं तरी चाल, मलाही दुखलं होतं, असं सांगत होत्या आणि ती पोर दात-ओठ खाऊन चालत होती. शेवटी तिला पाय टेकवेना. तोवर हाड जागचं हललं होतं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसले, पण घोटा आखडला तो आखडलाच. भरती झाली. त्यानंतरचीही झाली. जिनत आता एका मोबाइलच्या दुकानात काउंटरवर बसते.

ऑपरेशनपर्यंतचं हे सगळं मला कळलं ते वेणूबाई पट्टा न घालता तपासणीला आल्या तेव्हा. "पट्टा कुठाय?" मी जरा तिखटपणेच विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. माझ्या जिभेवर दोन-चार जहाल वाक्यं तयार होती. त्यांच्याकडे बघून ती गिळली.

"पोरगी मला काही म्हणत नाही हो," त्या म्हणाल्या. "मावशी, तुम्ही मुद्दाम थोडीच केलंत, म्हणते. मदिनापण लागेल असं काही बोलत नाही. ईदला शिरखुर्मा आलाच घरी. एकदा तरी चार शिव्या द्याव्यात त्यांनी. मी रोज वाट बघते." आणि त्या रडल्या. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. माणसानं जीव लावावा आणि त्यानंच घात व्हावा, याला काय म्हणायचं?

वर्ष सरलं, निष्कर्ष निघाले. पट्टा बांधून चालणाऱ्यांचे पाय लवकर सुधारले होते आणि सर्वांत चांगल्या पायांत वेणूबाईंचा पाय होता. त्यांना हे सांगायला मी मुद्दाम दुकानात गेले. त्या पूर्वीसारख्याच उकिडव्या बसून टोपली विणत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, माझा पाय त्यातून काढता येईल का?"

"नाही हो वेणूबाई, तसं करता येत नाही. आणि तुमचं नाव कुठे येणार नाही, काळजी करू नका. त्यात नुसते नंबर असतात."

त्यांनी हातातली टोपली खाली ठेवली.

"आणि जिनतचा नंबर कितवा?"

जिनतला नंबर नव्हता. ती आमच्या संशोधनात कधी नव्हतीच. हे मी त्यांना सांगितलं.