फाटकावरचा फ्लेक्स मी का उतरवला

रूथ अक्कांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स शाळेच्या फाटकावरून मी उतरवला.

गावाच्या ग्रुपवर तेव्हापासून चर्चा चालू आहे. कोणी म्हणतं मुख्याध्यापिकेला अक्कांचं कौतुक बघवत नाही. कोणी म्हणतं मॅडम पहिल्यापासून अशाच.

अशीच आहे मी. पण कारण ऐकून घ्या. एकदाच लिहिणार आहे.

आमची चर्चची प्राथमिक शाळा पिंपळनेरच्या रस्त्यावर आहे. फाटकाशेजारच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. मधोमध रेघ. डावीकडे ‘झालं’, उजवीकडे ‘होणार’.

अक्का आमच्या शिक्षिका. रिटायर झाल्या, पण फळा सोडला नाही.

शुक्रवारी शेवटच्या तासाला त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसायच्या. प्रत्येक वर्गातून एक मूल बातमी घेऊन यायचं.

“तू पाहिलंस का?”

“नाही अक्का, विकी म्हणाला.”

“मग विकीला पाठव.”

शनिवारी आमच्याकडे बाजार. आईबाप भाजीच्या पिशव्या घेऊन फाटकाशी थांबायचे आणि एक मूल स्टुलावर उभं राहून फळा मोठ्यानं वाचायचं. ज्याला वाचता येतं तोही ऐकायला थांबायचा.

नियम एकच. पहिली बातमी लेकराची. मोठ्या माणसांची सगळ्यात शेवटी.

एकदा बिशप आले होते. फळ्यावर पहिली ओळ, ‘तिसरीच्या रेहानचा पुढचा दात पडला.’ बिशप तळाला. पास्टर साहेब घाबरून म्हणाले, “अक्का, साहेबांचं वर घ्या ना.”

“साहेब पुढच्या वर्षी परत येतील,” अक्का म्हणाल्या. “हा दात येणार आहे का परत पडायला?”

बिशप हसले. पास्टर साहेब हसले नाहीत.

आता सलमाचं सांगते.

सलमा तिसरीत आहे. वडील गाद्या भरतात. ही पोर वर्गात बोलत नाही. हजेरीला नुसता हात वर. डॉक्टरांनी तपासलं, कान-घसा सगळं ठीक.

दिवाळीच्या सुट्टीनंतर अक्कांनी ‘होणार’च्या खाली लिहिलं, ‘पुढच्या शनिवारी सलमा बातम्या वाचेल.’

तो शनिवार आला. सलमा स्टुलावर चढली, उभी राहिली आणि उतरली.

अक्कांनी तिला पाणी दिलं. ओळ तशीच ठेवली.

त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. मग परत तेच.

मी म्हटलं, “अक्का, पोरीला दर आठवड्याला गावासमोर कशाला उभं करता?”

“‘होणार’च्या बाजूला आहे ना? राहू द्या. होईल.”

“आणि नाही झालं तर?”

“तर मी काही ‘झालं’मध्ये लिहिलेलं नाही.”

या मंगळवारी दुपारी अक्का गेल्या. बुधवारी दफन झालं. आख्खी शाळा गेली होती.

गुरुवारी चौथीच्या पोरी ऑफिसात आल्या. “मॅडम, या शनिवारी फळा आम्ही लिहू का? सलमा मधल्या सुट्टीत पायरीवर बसून वाचायची प्रॅक्टिस करते. आम्ही ऐकलंय.”

मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळी येऊन बघते तर फळाच दिसेना. आमचा माजी विद्यार्थी प्रवीण, त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे, त्यानं रात्रीतून फाटकापासून भिंतीच्या टोकापर्यंत फ्लेक्स बांधलेला. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो, गॉगलसकट. अक्का वर एका कोपऱ्यात.

पलीकडे सलमा नवीन रिबिनी लावून उभी होती. शेजारी सायकल धरून तिचे अब्बा.

चिंधाआजी, जिचा नातू पहिलीत आहे, फ्लेक्सकडे बघत म्हणाली, “बाई, आज बातमी नही शे का?”

प्रवीण तिथंच उभा होता. मी त्याला म्हटलं, “उतरव.”

“मॅडम, प्रेमानं लावलाय.”

“मग प्रेमानं प्रार्थनाघराच्या भिंतीवर लाव.”

त्यानं तोंड वाकडं केलं, पण दोऱ्या सोडल्या. एक मी सोडली.

चौथीनं फळा पुसला. अक्कांच्या हातची सलमाची ओळ मात्र त्यांनी पुसली नाही. बाकीचं भराभरा लिहून काढलं.

सलमा स्टुलावर चढली. ओठ हलले. आवाज येईना. समोर कांदेवाल्याच्या टेम्पोवर भोंगा चालू होता.

चिंधाआजी वळली. “ओ भाऊ, तुन्हा भोंगा बंद कर. पोर वाची राहिनी.”

भोंगा थांबला.

“पहिलीच्या ओमने बुटाची नाडी स्वतः बांधली.”

इतका बारीक आवाज की सगळे दोन पावलं पुढे सरकले.

“दुसरीच्या खिडकीत बुलबुलने घरटे केले. खिडकी लावू नये. मंगळवारी रूथ अक्का वारल्या. आम्ही सगळे गेलो होतो.”

चौथीनं ती बातमी शेवटीच ठेवली होती. नियमाप्रमाणे.

मग ‘होणार’. सोमवारी दुसरीने वाटी आणावी. नाताळच्या नाटकात एक मेंढपाळ कमी आहे.

वाचून झाल्यावर सलमा उतरली. कोणी सांगितलं नव्हतं. तिनं डस्टर घेतलं, उजवीकडची आपली ओळ पुसली आणि डावीकडे लिहिलं, ‘सलमाने बातम्या वाचल्या.’

तिचे अब्बा मला म्हणाले, “मॅडम, ये अपनी सलमाच पढी ना?”

मी मान हलवली.

म्हणून फ्लेक्स उतरवला. पुन्हा लावला तर पुन्हा उतरवेन.

अक्का, तुमचं होणार ते झालं. निश्चिंत असा.

शनिवारी शाळा सुटल्यावर अक्कांच्या वस्तू सोपवल्या, त्याची नोंद:

जुन्या परकराच्या कापडाचं डस्टर, अक्कांनी हातानं शिवलेलं. चौथीच्या वर्गाकडे.

खडूचा डबा. चौथीच्या वर्गाकडे.

स्टूल. पुढचं मूल तयार होईपर्यंत सलमाकडे.