दीड तासाचं आधण

दिल्ली ते नागपूर दीड तास, हे वाक्य मी तरुणपणी इतक्या वेळा मिरवलंय की आता ऐकलं तरी दमायला होतं.

तेव्हा मी करोल बागेत राहायचे. सरकारी नोकरी, पहिलाच विमानप्रवास आणि त्यासाठी खास घेतलेल्या, चावणाऱ्या चपला. विमानतळावरून नागपूरला ताईला फोन लावला आणि ऐटीत म्हटलं, "चहाचं आधण ठेव गं, दीड तासात आलेच!" मी बाईसाहेबांनी फक्त आकाश मोजलं होतं. दिल्लीचं धुकं, सामानाचा पट्टा, तिकडची रिक्षा, काही म्हणजे काही हिशेबात धरलं नव्हतं. ताई सरळ बाई, तिने खरंच आधण ठेवलं. मी पोचले दिवेलागणीला. काढा झालेला चहा तिने पुढ्यात ठेवला. "पी. तुहा दीड तास आहे हा."

तेव्हापासून मी गेले की पहिला चहा शिळाच, हा आमच्या दोघींचा रिवाज.

यंदा थंडीत ताई न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. भाच्याचा फोन आला, आवाज रडवेला. "मावशी, उद्या सकाळी ऑपरेशन आहे आणि आई अडून बसलीय. तू आल्याशिवाय आत जाणार नाही म्हणते. डॉक्टर म्हणतात, उशीर केला तर कठीण होईल."

मी आता मुलाकडे, दिल्लीजवळ मानेसरला असते. नातीने मोबाइलवर पाहिलं. "आजी, साडेआठशे किलोमीटर तर आहे. दीड-पावणेदोन तास. चिल यार!"

"तुझ्या वयात मीपण अशीच मूर्ख होते," मी म्हटलं. "आधी हायवेवरचे ट्रक मोज."

विमानतळ गाठेपर्यंतच कंबर गेली. तिथे चाकांची खुर्ची मागितली आणि गुडघे दुखतात त्याहून जरा जास्तच कण्हले, रांग चुकली. पण धुक्यापुढे कुणाचं कण्हणं चालतं? विमान पुढे ढकललं, मग आणखी पुढे. बसल्या बसल्या डोक्यात एकच घोळत होतं. आगगाडीने अख्खी रात्र लागायची, तेव्हा मी दर सुट्टीत ताईकडे जायचे. विमानाने दीड तास झाला आणि 'जवळच तर आहे, जाऊ कधीही' म्हणत वर्षं गेली. आज ती ऑपरेशनला नाही म्हणून अडून बसली होती, आणि मी इथे खुर्चीत.

दवाखान्यात पोचले तेव्हा दिवे लागले होते. ताईच्या पायाला वजन टांगलेलं, चेहरा मूठभर झालेला. तिने मान वळवली.

"झाला का वं तुहा दीड तास?"

उशाशी थर्मास होता. भाचा म्हणाला, "दुपारीच भरून घेतला. कुणाला हात लावू देत नाही."

चहा कोमट, कडू, वर साय आलेली. मी तोंड वाकडं केलं.

"पूर्ण पी," ताई म्हणाली.

प्यायले. कप उलटा करून दाखवला. मग तिने डोळे मिटले आणि लेकाला म्हणाली, "सांग आता डॉक्टरले. सकाळी जातो मी आत."