सर्व्हरचं म्हणणं ऐकणारा माणूस

"वायच थांबा शेठ. आधी ते काय म्हणतंय ते वाचू." बिघाड कुठलाही असो, आमचे कॉम्प्युटरवाले काका शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत आणि पडद्यावरचा मजकूर पोथीसारखा सावकाश वाचत. मी मागे तापत असे.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. बँकेतून निवृत्त झालेले, पायात रबरी चपला, कधी कुणाशी भाव न करणारे. मी हातगाडीवर आंबे विकून वर आलेला. भाव न करणाऱ्याशी मला वागताच येत नाही.

सर्व्हर माझ्या रत्नागिरीच्या गोदामात. केळशी आणि दाभोळची माणसं तिकडूनच त्यात शिरून आंब्याच्या पेट्या पाठवण्याची चलनं करत. तो बसवला तेव्हाच काकांनी सांगितलं होतं, बाहेरून शिरणाऱ्या प्रत्येकाला परवाना लागेल, फुकट फक्त चार महिने. नंतर दोनदा आठवणही केली. मला ती विकण्याची युक्ती वाटली.

ऐन मोसमात एका सकाळी कोणालाच आत शिरता येईना. केळशीच्या कारकून बाईंनी इंग्रजी संदेश फोनवर एकेक अक्षर करून सांगितला. काकांनी शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "मुदत संपली."

दोन्हीकडे ट्रक भरून उभे, चलनाशिवाय हलणार नव्हते. आतली एक नोंद पुसली की मुदत पुन्हा सुरू होते, असं मी ऐकलं होतं. तेच करा म्हटलं.

"तसलं मी करत नाही."

"का? तुमचं कमिशन बुडेल म्हणून?"

गोदामातली सगळी माणसं ऐकत होती. काकांनी परवान्यांच्या विक्रेत्याला फोन करून ते मागवले आणि स्वतः सर्व्हरसमोर बसले. तिथे बसून काम करायला परवाना लागत नाही. केळशी-दाभोळहून फोनवर पेट्यांचे आकडे येत, काका दोन बोटांनी चलनं टाइप करत. "सावकाश सांग बाय, माझी बोटं म्हातारी झालीत." जेवायलाही उठले नाहीत. दुपारी ट्रक सुटले, संध्याकाळी परवाने बसले.

मी विक्रेत्याला फोन करून कमिशनचं खोदून विचारलं. काकांनी काही घेतलं नव्हतं. उलट, शेठ रागीट असले तरी कष्टाने वर आलेत, त्यांना भाव कमी लावा, म्हणून अर्धा तास हुज्जत घातली होती.

पावसाळ्यात माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा पाजला, फणसाचे गरे पुढे केले, माझ्या प्रिंटरची चौकशी केली. माझ्या तोंडून तो शब्द निघेना. पुढच्या वेळी बोलू, म्हणून उठलो. गणपतीच्या आठ दिवस आधी काका गेले. मला पुढची वेळ दिली नाही, हा माझा त्यांच्यावर राग आहे आणि तो जाणार नाही.

आता पुण्याचा कोणीतरी तिथूनच दुरुस्ती करतो. पडद्यावर बाण आपला आपण फिरत राहतो. मी गप्प बघत बसतो. ओरडायला समोर माणूसच नसतो.