मीठ-मोहरी

शिवांजलीनं कौतुक करायचं सोडलं, त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

माहेरी, कवठे महांकाळला, नळाला पाणी आलं तरी कौतुक व्हायचं आणि भाकरी फुगली तरी. ती सवय घेऊन ती पलूसला सासरी आली. आल्या आल्या गोठ्यातल्या म्हशीला म्हणाली, "काय तुकतुकीत दिसतीय!" चार दिवसांत म्हैस आटली. शेजारणीच्या नातवाला गुटगुटीत म्हणाली, तर त्याला रात्रीतून ताप भरला. म्हैस आठ महिन्यांची गाभण होती आणि गल्लीतली निम्मी पोरं तापानं फणफणली होती, पण तो हिशेब कुणी केला नाही. सासूनं, लीलाबाईंनी, दोन्ही गोष्टी मनाशी बांधून ठेवल्या.

तिसरी पाळी आली कॉम्प्युटरची. धाकटा दीर जयराज त्यावर गेम खेळायचा, खेळताना लोकांना मोबाइलवर दाखवायचा, स्पर्धांना बसायचा. उसाचं बिल आल्यावर लीलाबाईंनी लेकाला घेऊन दिलेला, काचेच्या पोटात निळे दिवे फिरणारा कॉम्प्युटर होता तो. घरात आल्या दिवसापासून दर अमावस्येला त्याची दृष्ट निघायची. शिवांजली चहा घेऊन गेली, पडद्यावर जळणारं शहर बघितलं आणि तोंडातून गेलंच, "भाऊजी, काय भारी दिसतंय."

पडदा काळा झाला. पंखे फिरत होते, गोळीबाराचा आवाज येत होता, चित्र नाही.

"शबुद खाली पडला न्हाई तवर," दारातून लीलाबाई म्हणाल्या.

त्यानंतर दर चार-आठ दिवसांनी पडदा काळा व्हायचा, आणि दर वेळी लीलाबाई दृष्ट काढायच्या. मुठीत जाडं मीठ, मोहरी, दोन मिरच्या. कॉम्प्युटरच्या डोक्यावरून सात वेळा मूठ फिरायची. 'घरच्यादारच्याची' म्हणताना 'घरच्या'वर त्यांचा आवाज चढायचा आणि शिवांजली भाकरी थापत राहायची.

आषाढात गोष्ट पुढं गेली. नणंद पहिल्या बाळंतपणाला येणार होती.

"तू म्हायेराला जा," लीलाबाई म्हणाल्या. "बाळाचा सव्वा म्हैना झाला की ये. लेकराच्या बाबतीत इषाची परीक्षा नगं."

नवरा मानसिंग फौजेत, पठाणकोटला. फोनवर म्हणाला, "आईसंगं वाद घालू नको. जा की."

माहेरी जायला शिवांजलीची ना नव्हती. पण असं, नजर वाईट म्हणून घालवलेली बाई होऊन? कवठ्यात उतरल्यावर आईला काय सांगायचं?

लग्नाआधी दोन वर्षं ती सांगलीत, विश्रामबागच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायची. मागच्या टेबलावर, हातात स्क्रूड्रायव्हर. हे सासरी सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी विचारलं नव्हतं. जयराजनं सांगलीहून दोन माणसं आणली. एकानं आतलं सगळं सॉफ्टवेअर पुसून नव्यानं घातलं, दुसऱ्यानं नवं ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणून सांगितलं. पाऊस लागल्यापासून पडदा तासातासाला काळा व्हायला लागला होता आणि रविवारी स्पर्धा होती. गुरुवारी शिवांजली म्हणाली, "मी बघू का, भाऊजी?"

जयराजनं जरा विचार केला. "आई देवळात गेली की बघा. फकस्त बघताना काय बोलू नका."

दुकानाचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशानं आला ते कळत नाही. तिनं आधी केबल बदलली. पडदा काळा झाला. मग बैठकीतला टीव्ही जोडला, तोही काळा झाला, म्हणजे पडद्याचा दोष नाही. गेम चालू ठेवून आतली उष्णता बघितली, तीही बेतात. आवाज राहतो आणि चित्र जातं, म्हणजे मशीन जिवंत आहे, चित्र उमटवणारं कार्डच मान टाकतंय. तिनं बाजूची काच काढली, कार्ड सोडवलं आणि उजेडात धरलं.

कार्डाच्या पाठीवर पांढरी पुटं होती. खाचेत बसणाऱ्या सोनेरी पट्टीवर हिरवट डाग. पंख्याच्या पात्यांखाली पाच-सहा काळे दाणे. तिनं एक दाणा नखानं फोडला. मोहरी.

वरची धूळ अडवायची जाळी जयराजनं 'गरम होतंय' म्हणून कधीच काढून टाकली होती. सात वेळा मूठ फिरायची, त्यात चार खडे सांडणारच. पावसाळ्यात बरणीतलंसुद्धा मीठ पाझरतं.

"आयला," जयराज म्हणाला.

तिनं ब्रशनं पुटं झाडली, सोनेरी पट्टी खोडरबरनं घासून लख्ख केली, वरची जाळी शोधून बसवली. तीन तास गेम चालला. दाणे तिनं वाटीत काढून ठेवले.

रात्री जेवताना तिनं वाटी पुढं सरकवली. "आत्या, हे कॉम्प्युटरमध्ये सापडलं. मिठानं कार्ड खराब झालं होतं. भाऊजींनी बघितलंय."

लीलाबाईंनी वाटीत बघितलं, मग लेकाकडं. "व्हय रं?"

जयराजनं भाकरी मोडली, आमटीत कुस्करली. "सेटिंग गंडलं हुतं, आई. झालं आता."

"उंदरानं न्हेली आसंल मोहरी," लीलाबाई म्हणाल्या आणि वाटी उचलून मोरीत पालथी केली.

नंतर अंगणात हात धुताना तो हळूच म्हणाला, "वैनी, आईच्या जिवाला लागलं आस्तं. तुमी जाऊन या की. काय फरक पडतोय?"

रविवारी तो स्पर्धा जिंकला. लीलाबाईंनी दृष्ट काढली. तेवढी एकदा शिवांजलीनं आधीच कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवला होता. मंगळवारी ती कवठ्याच्या एसटीत बसली. आईला सांगितलं, सासरकडून सुट्टी काढलीय.

पंधरा दिवसांनी जयराजचा फोन आला. नणंदेला मुलगा झाला होता. ते सांगून झाल्यावर तो घुटमळला. "वैनी, परत काळं झालंय. ते खोडरबरनं कुठं घासलं हुतं तुमी?"

"जाळी?"

"काढली. लय गरम हुतंय."

"मी तर इथं आहे, भाऊजी. आता कुणाची नजर?"

त्यानं आवाज बारीक केला. मग म्हणाला, "आई म्हणती, जाताना तुमी उंबऱ्यातनं माघारी वळून बघितलं."

शिवांजली हातातली शेंग सोलत राहिली. "मग दृष्टच ती. काढायला सांगा. म्हणावं, मीठ भरपूर घ्या."

त्याला कळलं. मागून लीलाबाईंचा आवाज आला, "काय म्हणती रं ती?"

तिनं वाट बघितली. आत्ता खरं सांगायला एक वाक्य, फार तर दोन.

"दृष्ट काढ म्हणती," जयराज म्हणाला.

फोन चालूच राहिला होता. मिठाच्या बरणीचं झाकण फिरल्याचा आवाज तिला कवठ्यात नीट ऐकू आला.